परिसरीय मज्जातंतूंची अतिउत्तेजना : वातव्याधी म्हणण्यापूर्वी

पोटऱ्यांत गोळे येणे, मांस फडफडणे, निद्रानाश या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण वैद्यांस नित्य भेटतात. वातव्याधी समजून आपण चिकित्सेस आरंभ करतो व बहुतेकांस उपशयही मिळतो. तथापि क्वचित या लक्षणांमागे एक दुर्मिळ विकार दडलेला असतो.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक शेतकरी आमच्याकडे आला. त्याच्या पोटऱ्या त्वचेखाली अळ्या वळवळाव्यात तशा सतत हलत. वळलेली मूठ चटकन सुटत नसे, घाम अतिशय येई, आणि स्फुरण झोपेतही थांबत नसे. स्नायुगत वात असे निदान करून आम्ही अभ्यंग, स्वेदन व बृहत्‌वातचिंतामणी योजिला. दोन महिन्यांत त्रास वाढला. तेव्हा कोठे कळले, की सांधेदुखीसाठी तो वर्षभर लेबल नसलेल्या पुड्या घेत होता. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता. आम्ही तो विचारला नाही. तपासणीत मूत्रातील पाऱ्याचे प्रमाण वाढलेले आढळले.

हा विकार 1961 मध्ये आयझॅक्स यांनी वर्णिला. त्यासोबत निद्रानाश व भ्रम असल्यास त्यास मॉर्व्हान यांचे नाव आहे. त्यांचे वर्णन 1890 चे. प्रत्येक आवेगानंतर पोटॅशियम बाहेर जाऊन मज्जातंतू शांत होतो. पोटॅशियमचे हे मार्ग जागेवर धरणाऱ्या कॅस्पर-2 नामक प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे निर्माण करते, तेव्हा तंतू आपोआप आवेग सोडीत राहतो. ईएमजीत सेकंदाला 150 ते 300 वेगाचे आवेगांचे झोत दिसतात. काही रुग्णांत थायमस ग्रंथीचे अर्बुद असते, म्हणून छातीची तपासणी आवश्यक ठरते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांनी लक्षणे आटोक्यात येतात. तीव्र अवस्थेत प्लाझ्मा बदलणे वा इम्युनोग्लोब्युलिन देणे हे उपाय आहेत.

भारतातील व परदेशातील वृत्तांतांत काही रुग्णांना पारद वा सुवर्ण यांचा संपर्क घडल्याची नोंद आहे. पारदामुळे प्रतिकारसंस्था स्वतःविरुद्ध उलटत असावी, असे अनुमान आहे. एकट्या रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु वातव्याधीत आपण ज्या रसकल्पांकडे वळतो त्यांतच ही द्रव्ये आहेत. त्यामुळे औषधाचा परिणाम रोगाची वाढ समजून मात्रा वाढविली जाण्याचा धोका उरतोच.

म्हणून आम्ही आता पुढील नियम पाळतो. स्फुरण झोपेतही टिकते काय, हे घरच्यांना विचारावे. पूर्वी घेतलेली सर्व औषधे, विशेषतः पुड्या, प्रत्यक्ष पाहाव्यात. शंका येताच रसकल्प व स्वेदन थांबवून रुग्णास मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. चालू असलेले कार्बामाझेपिन अचानक बंद करू नये.

औषधी दुकानदारांचा वाटाही मोठा आहे. पारदयुक्त कल्प परिशिष्ट ई-1 मध्ये येतात; वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना लेबलावर असल्याखेरीज व वैद्याच्या चिठ्ठीविना ते देऊ नयेत. दुष्परिणामाचा संशय आल्यास तो आयुष औषध-दक्षता केंद्रास कळवावा.

आमचा रुग्ण पुड्या व आमचा कल्प दोन्ही थांबवून, तज्ज्ञांच्या उपचाराने हळूहळू सावरला. रसशास्त्राची प्रतिष्ठा शंका लपविण्याने राखली जात नाही. ती वेळीच नोंदविण्याने राखली जाते.