ग्रंथीच्या गाभ्यातल्या पेशी

विजापूर वेशीतल्या मटणाच्या दुकानातून बोकडाचं नरडं सकाळीच आलेलं असतं. स्नायू बाजूला सारले की श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांना गडद तांबड्या ग्रंथी दिसतात. ही थायरॉइड. सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, विद्यार्थ्यांचे ‘मामा’, ती अलगद सोडवून फॉर्मॅलिनमध्ये टाकतात.

पुढे ग्रंथीचा तुकडा पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसवला जातो. खरी कसोटी काप काढणाऱ्या मायक्रोटोमवर. काप हवा ५ मायक्रॉनचा. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४० च्या पुढे गेला की ब्लॉकमधलं पॅराफिन नरम पडतं आणि काप चुरगळतो. मामा ब्लॉक बर्फावर पालथा घालतात. “घाई करू नकोस बाळा, गार होऊ दे.” मग हँडल एका लयीत फिरतं, कापांची रिबन निघते आणि कोमट पाण्यावर तिच्या सुरकुत्या उलगडतात.

सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी कोलॉइडने भरलेल्या गोल पिशव्या दिसतात. त्यांच्या भिंतीला बिलगलेल्या फिकट सी पेशी नेहमीच्या रंगात सहज निसटतात. त्या बनवतात ते कॅल्सिटोनिन हे संप्रेरक हेरणाऱ्या प्रतिपिंडाने आधीच रंगवून ठेवलेल्या स्लाइडवर मात्र त्या तपकिरी उठून दिसतात: ग्रंथीच्या गाभ्यात दाटीने, कडेला जवळजवळ नाहीत.

असं का? थायरॉइड गर्भात जिभेच्या मुळाशी उगवते आणि गळ्यात उतरते. सी पेशी येतात बाजूने, घशाच्या शेवटच्या कप्प्यांतून, आणि तिच्या पोटात शिरतात. माशांत आणि पक्ष्यांत सी पेशींची ग्रंथी वेगळीच राहते. या पेशी मुळात मज्जाशिखेतल्या (न्यूरल क्रेस्ट), असं पक्ष्यांच्या गर्भांवरच्या प्रयोगांवरून वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०१५ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासाने त्यांचं मूळ घशाच्या आतल्या अस्तरात दाखवलं.

बोकडाच्या जातभाईंचं ऋण तर विद्यार्थ्यांना सांगायलाच हवं. कॅनडात हॅरल्ड कॉप यांनी १९६२ च्या सुमारास रक्तातलं कॅल्शियम उतरवणाऱ्या कॅल्सिटोनिनचा शोध कुत्र्यांवरच्या प्रयोगांत लावला, पण ते थायरॉइडला लागून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींतून येतं असं त्यांना वाटलं. शेळीची बाहेरची पॅराथायरॉइड थायरॉइडपासून दूर असते, दोन्हींचा रक्तपुरवठा वेगळा करता येतो. म्हणून लंडनमध्ये इयान मॅकइंटायर यांच्या गटाने १९६४ मध्ये शेळ्यांवर प्रयोग केला. जास्त कॅल्शियमचं रक्त थायरॉइडमधून सोडलं, तेव्हा शरीराच्या रक्तातलं कॅल्शियम उतरलं. संप्रेरक थायरॉइडचंच होतं.

विद्यार्थिनी आता कडेच्या भागाची स्लाइड लावते, मिनिटभर शोधते. “मामा, एकही नाही.” मामांनी दुसरा ब्लॉक बर्फावर ठेवला आहे, मधल्या भागाचा.