नेमबाजीची हौस आणि हाताला लागणारे शिसे

आंगणेवाडीच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीसमोर आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पैसे घालवले आहेत. फळीवर रंगीबेरंगी फुगे, थोडी वाकडी मारणारी बंदूक आणि दुकानदाराजवळच्या डबीत काळसर छर्रे. गर्दी वाढली की दुकानदार पाच-सहा छर्रे ओठांत धरून ठेवतो आणि एकेक काढून बंदुकीत घालतो. मुले ते बारकाईने पाहतात. पुढे स्वतःच्या हातात एअर गन आली की तीही तसेच करतात. आजचा लेख या ओठांतल्या छऱ्यांबद्दल आहे.

निमित्त झाले ते आपल्याच गावातील एका पालकांच्या प्रश्नाचे. त्यांचा मुलगा दहावीत आहे आणि कोल्हापूरला मामाकडे राहून नेमबाजी शिकतो. त्याने मोबाइलवर अमेरिकेतील बाप-लेक पाहिले. ते घरातल्या टेबलावर बसून झाडलेली काडतुसे साफ करतात, पुन्हा भरतात आणि तीच घेऊन स्पर्धेला जातात. आता सुट्टीत आपल्यालाही हे शिकायचे, असा मुलाचा हट्ट आहे. घरी आजोबांची शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. आजोबा तरुणपणी शिसे वितळवून छर्रे घरीच ओतत असत, त्यामुळे तेही उत्साहात आहेत. "नातवाला शिकवण्यास वैद्यकीय दृष्ट्या काही हरकत आहे काय?" असे वडिलांनी विचारले आहे.

हरकत आहे. पण वैद्यकाआधी कायद्याचे सांगतो, कारण ते थोडक्यात संपते. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. शस्त्राचा परवाना २१ वर्षांखालील व्यक्तीला मिळत नाही. प्रशिक्षणासाठी लहान वयाच्या नेमबाजांना ठरावीक अटींवर सवलत आहे, पण ती बंदूक चालवायला शिकण्यापुरती. घरी काडतूस भरण्यासाठी नव्हे. आजोबांचा परवाना आजोबांच्या नावावर आहे. ती बंदूक आणि ती दारू नातवाच्या हाती देता येणार नाही.

दुसरे असे की मुलाला त्याची गरजच नाही. आपल्याकडची शाळकरी मुले सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाने. त्यात दारूही नसते आणि काडतूसही नसते. हवेच्या दाबाने साडेचार मिलिमीटरचा छर्रा सुटतो. पुढची पायरी पॉइंट टू-टू रायफलची. फोंडाघाट चढून गेले की राधानगरी तालुका लागतो. तिथल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते याच ५० मीटर रायफलच्या प्रकारात. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, तोही ५० मीटरचाच प्रकार. या रायफलीच्या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोड्याच्या आघाताने ती कड चेपते. म्हणून हे काडतूस एकदा झाडले की टाकूनच द्यायचे असते. मोबाइलवर दिसलेली काडतुसे वेगळ्या बंदुकांची असतात. थोडक्यात, मुलाला जे शिकायचे आहे ते त्याच्या खेळात बसत नाही. एवढे त्याला नीट समजावून सांगितले तर बहुधा हट्ट सुटेल.

मात्र पालकांनी इथेच निःश्वास सोडू नये. काडतूस भरण्यात आरोग्याला जो मुख्य धोका आहे, तो मुलाच्या हातात आजही आहे. तो म्हणजे शिसे.

एअर रायफलचा नेहमीचा छर्रा शिशाचा असतो, वजन साधारण अर्धा ग्रॅम. एका सामन्यात ६० नेम मोजले जातात, सरावाचे वेगळे. मन लावून सराव करणारा मुलगा आठवड्यात शेकडो छर्रे दोन बोटांनी उचलतो. बोटांची टोके राखाडी होतात. तीच बोटे वडापावाला लागतात, नखे कुरतडताना तोंडात जातात. पॉइंट टू-टू मध्ये आणखी एक भर पडते. त्या काडतुसाच्या ठिणगीच्या मसाल्यात बहुधा शिशाचा क्षार असतो. बार उडाला की त्याचा सूक्ष्म धूर होतो आणि तो नाकावाटे आत जातो. बंदिस्त रेंजवर हवा खेळती नसेल तर हे प्रमाण वाढते. अमेरिकेतील अलास्का राज्यात २००२ ते २००४ या काळात शाळांच्या नेमबाजी संघांतील मुलांचे रक्त तपासले गेले. बंदिस्त रेंजवर सराव करणाऱ्या काही मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले. ती मुले सुखवस्तू देशातली, खाऊनपिऊन बरी होती.

काडतुसे पुन्हा भरणाऱ्यांच्या बाबतीत लोकांना दारूच्या भडक्याची भीती वाटते, आणि ती रास्तच आहे. पण रोजचे, न दिसणारे नुकसान होते ते झाडलेली काडतुसे घासून साफ करताना. आतली काजळी धुळीसारखी उडते आणि टेबलावर, कपड्यांवर, घरातल्या रांगत्या मुलाच्या हातांवर बसते.

शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेऊन शिरते. आतड्यांना ते ओळखू येत नाही. तोंडावाटे गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणसाच्या रक्तात साधारण दहावा हिस्सा शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. रक्तातले शिसे निम्मे व्हायला महिनाभर लागतो, पण हाडांत जाऊन बसलेले वर्षानुवर्षे हलत नाही. शरीरात लोह कमी असेल, कॅल्शियम कमी असेल किंवा पोट रिकामे असेल, तर शिसे अधिक शोषले जाते. आपल्याकडे वयात आलेल्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक पंडुरोगी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे नेमबाजी करणाऱ्या मुलींची काळजी दुप्पट का घ्यावी ते समजेल. शिसे रक्त तयार होण्याच्या कामातही अडथळा आणते, म्हणजे आधीच कमी असलेले रक्त आणखी कमी होते.

लक्षणे फसवी असतात, आणि मी स्वतः फसलो आहे. वीसेक वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका वाडीतून एक आजोबा तेरा-चौदा वर्षांच्या नातवाला घेऊन आले. "डॉक्टरानू, ह्येच्या पोटात सारख्या दुखता," एवढीच तक्रार. मुलगा फिकट दिसत होता आणि शौचाला खडा होत होता. मी जंताचे औषध दिले, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा औषध बदलून दिले. शाळेत लक्ष नाही, घरी चिडचिड करतो, हेही आजोबांनी सांगितले. मी ते वयावर ढकलले. तिसऱ्या खेपेला नाडी पाहताना त्याच्या बोटांच्या पेरांत बसलेला करडेपणा दिसला आणि मी विचारले, "आजोबा, हा हाताने काय करतो?" तेव्हा कळले की आजोबा पागासाठी शिशाच्या गोळ्या आणि बंदुकीसाठी छर्रे घरी ओततात आणि नातू त्यांचा उजवा हात आहे. ओतायचे काम स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत, जुन्या कढईत चाले. पागाची शिशे दोरीवर दाबून बसवायला पोरगा दात वापरत असे.

रक्त मुंबईला पाठवले. शिसे डेसिलीटरला चाळीस मायक्रोग्रॅमच्या आसपास निघाले. ओतकाम बंद केले, पडवी ओल्या फडक्याने पुसून घेतली, लोह आणि कॅल्शियम चालू ठेवले आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासत राहिलो. पोटदुखी लवकर थांबली; रक्तातला आकडा उतरायला वर्ष गेले. पहिल्याच दिवशी हात पाहिले असते तर दोन महिने वाचले असते.

आज तर याहून कितीतरी कमी आकड्यालाही दखल घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनाप्रमाणे रक्तात पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असेल तर ते कुठून येते हे शोधून थांबवावे. आणि इतके असले तर चालेल, अशी सुरक्षित पातळी आजवर सापडलेली नाही. कमी प्रमाणात त्रास काहीच जाणवत नाही, पण मुलांच्या एकाग्रतेवर आणि शिकण्यावर परिणाम होतो. ज्या खेळात सगळी मदार चित्त स्थिर ठेवण्यावर, त्याच खेळातून हे व्हावे, हे विचित्रच आहे.

म्हणून नेमबाजी बंद करा, असे मी सांगणार नाही. खेळ चांगला आहे. मोबाइलवर बोटे फिरवण्यापेक्षा श्वास रोखून उभे राहणे केव्हाही बरे. सवयी तेवढ्या बदलायच्या. छर्रा तोंडात, ओठांत किंवा खिशात ठेवायचा नाही, डबीतून उचलायचा. सराव चालू असताना खाणे-पिणे नाही, नखे कुरतडणे नाही. सराव संपला की साबण लावून हात कोपरापर्यंत आणि तोंड धुवायचे. हाताला चोळायच्या सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसे तिथेच राहते. त्याचा इथे उपयोग नाही. सरावाचा शर्ट वेगळा ठेवावा आणि लहान भावंडांच्या कपड्यांत न मिसळता धुवावा. बूट उंबऱ्याबाहेर काढावेत. गोळ्या अडवणाऱ्या पेटीतला चुरा केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा, आणि हे काम मुलांवर तर टाकूच नये. रेंजवर वारा खेळतो की नाही हे पालकांनी एकदा स्वतः जाऊन पाहावे. प्रशिक्षकांना विचारण्यात संकोच नको. जाणता प्रशिक्षक रागावत नाही.

सरावाला उपाशीपोटी पाठवू नये. नाचणीची भाकरी किंवा आंबील, डाळ, पालेभाजी, काट्यासकट चावून खाता येणारे छोटे मासे, जोडीला आवळा किंवा लिंबू, एवढे घरचे पुरे आहे. शिसे 'ओढून काढणारी' म्हणून विकली जाणारी चूर्णे घेऊ नयेत. शिसे बाहेर काढणारी खरी औषधे आहेत, पण ती जास्त प्रमाणासाठी आणि रुग्णालयातच द्यायची असतात.

कान आणि डोळे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तूर्त इतकेच की पॉइंट टू-टूच्या रेंजवर कानांचे संरक्षण, आणि एअर गनसाठीही डोळ्यांवर चष्मा हवाच. छर्रा लोखंडावर आपटून उलटा येतो.

आता आजोबांविषयी. त्यांना वाईट वाटू देऊ नका. नातवाला शिकवण्यासारखे त्यांच्याकडे बरेच आहे: बंदूक रिकामी असली तरी नळी माणसाकडे करायची नाही, चापावर बोट उगाच ठेवायचे नाही, राग आला असताना बंदुकीला हात लावायचा नाही. शिसे ओतायचा साचा आणि कढई मात्र घराबाहेर काढावी आणि ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. पागाला शिशे तयार विकत मिळतात. ती बसवायला पक्कड वापरावी.

नियमित सराव करणाऱ्या मुलाचे रक्त वर्षातून एकदा शिशासाठी तपासून घ्यावे. ही तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत येत नाही. चिठ्ठीवर तसे वेगळे लिहून घ्यावे लागते. रक्त शिरेतून द्यावे, बोट टोचून नव्हे, कारण बोटाला लागलेले शिसे नमुन्यात उतरले तर आकडा खोटाच वाढतो. आणि नमुना द्यायला मुलाला थेट रेंजवरून आणू नका. आंघोळ घालून, धुतलेला शर्ट घालून आणा.