जात्यावरच्या ओवीची कर्ती कोण?

गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. पण अभंगाच्या शेवटी 'जनी' हे आपले नाव घालायला विसरली नाही. लोककवी वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षर गिरवायला शिकले, तेही गीतात शेवटी 'वामन' गुंफीत.

मग आपल्या आयाबायांचे काय? पाथरी तालुक्याला लागूनच असलेल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली वाल्हाबाई खरात, राधाबाई बोऱ्हाडे यांच्या भीमओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या मंडळींनी गाणारीचे नावही टिपले, म्हणून ते आज आपल्याला ठाऊक.

त्या ओव्यांत बाबासाहेब साहेबी थाटात दूर उभे नाहीत. ते भाऊ होऊन बहिणीच्या घरी येतात. पहाटे, ऐकायला कुणी नसताना, बाई जात्यापाशी आपले मन मोकळे करी. ना बिदागी, ना टाळ्या. एकीची ओवी दुसरी उचली, तीत आपली ओळ घाली. त्यामुळे कर्ती कोण, हे कुणी विचारलेच नाही. (पुरुषांच्या गायनपार्टीचे मात्र फलक लागत!)

गिरण्या आल्या, जात्याची घरघर थांबली. बंधू-भगिनींनो, घरात आजी असेल तर वही घेऊन तिच्याजवळ बसा. ओवीखाली तिचे नाव लिहा, माहेरचे गावही लिहा.