उत्तनला पार्टी करताय? आधी बर्फ बघा

भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर मासळीसाठी येणारा बर्फ खाण्याजोगा नसतो. म्हणूनच अशा बर्फात निळा रंग घालणं २०१८ पासून बंधनकारक झालं. पण पांढरा दिसला म्हणून तो ग्लासात टाकू नका. खाण्याचा, पाकीटबंद बर्फच आणा. बाटल्या गार करायला ठेवलेल्या टबातला बर्फही पेयात नको.

मे महिन्यात भाईंदरच्या दमट हवेत घामानं पाणी जातंच, त्यात दारूनं लघवी वाढते. प्रत्येक पेल्यामागे ग्लासभर पाणी प्यावं. आणि कोकम सरबत कोपऱ्यात नव्हे, सर्वांत पुढे मांडा. न पिणाऱ्यांचाही तेवढाच मान असतो.

राज्यात बिअर-वाइनसाठी वय २१, इतर मद्यासाठी २५ लागतं. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना आधीच काढा. सुटी, स्वस्त दारू कुणी आणली तर सरळ परत पाठवा: २०१५ मध्ये जवळच्याच मालवणीत विषारी दारूनं शंभरावर जीव गेले.

रात्री १० ला स्पीकर बंद. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे; परतीची रिक्षा किंवा न पिणारा चालक दुपारीच ठरवा.