दोन सोंगट्यांची सवलत

मुलांच्या खेळात एखादे धाकटे भावंड आले की आपल्याकडे त्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवतात. ते सर्वांबरोबर धावते, पकडलेही जाते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ सर्वांचा राहावा म्हणून केलेली ही सोय. मोठ्यांना मात्र अशी सवलत घेणे कमीपणाचे वाटते. अठरा आंतरराष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेल्या एका खेळाडूने ती यंत्राकडून, साऱ्या देशासमोर घेतली. ती का घेतली आणि तिच्यातून काय कळले, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात आपल्या शहरापासून करू. ऑक्टोबर २००२ मध्ये हैदराबादेत बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा झाली आणि विश्वनाथन आनंद यांनी ती जिंकली. त्याच महिन्यात बहारीनमध्ये व्लादिमिर क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’ या संगणकीय खेळाडूशी आठ डाव खेळले आणि सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्ह यांना हरवले होते खरे, तरी माणूस आणि यंत्र अजून एका पंगतीत बसत होते. पुढे पाचच वर्षांत, २००७ मध्ये, ‘रिब्का’ने ग्रँडमास्टर यान एल्वेस्ट यांना एका प्याद्याची सवलत दिली आणि तरीही ५.५-२.५ असा सामना जिंकला.

बुद्धिबळात सवलत द्यायची तर मोहरे काढून ठेवावे लागते आणि डावाचा स्वभावच बदलतो. चीनमध्ये जन्मलेल्या आणि कोरिया-जपानात रुजलेल्या ‘गो’ या खेळात तसे होत नाही. १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांचा पट, त्यावर ३६१ छेदबिंदू. काळ्या-पांढऱ्या सोंगट्या पाळीपाळीने या बिंदूंवर ठेवायच्या. ठेवलेली सोंगटी हलत नाही. चहूबाजूंनी वेढली गेली तरच उचलली जाते. शेवटी ज्याने अधिक जागा राखली तो जिंकला. कच्च्या खेळाडूने आपल्या काही काळ्या सोंगट्या आधीच मांडायच्या, ही इथली सवलत. गुरू शिष्याला नऊ सोंगट्यांपर्यंत सवलत देतो आणि शिष्य तयार होईल तशी एकेक कमी करतो. म्हणजे ही दया नव्हे, दोघांमधले अंतर मोजण्याची पट्टी आहे.

यंत्र समोर असताना या पट्टीची गरज अधिकच पडते. असे यंत्र बहुधा प्रत्येक चालीला एकच हिशेब करते: जिंकण्याची शक्यता किती? किती जागेने जिंकलो याला त्याच्या लेखी किंमत नसते. अर्ध्या गुणाचा विजयही पुरतो. म्हणून बरोबरीच्या डावात माणूस थोडक्यात हरला, तरी तो जवळ पोचला होता असे म्हणता येत नाही. अंतर कळायचे तर सवलतच घ्यावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये चीनचे के जिए दोन सोंगट्या घेऊनही यंत्राकडून हरले, तेव्हा या अंतराची पहिली ठळक कल्पना आली.

कोरियाचे ली सेडोल मार्च २०१६ मध्ये सोल येथे ‘अल्फागो’कडून ४-१ असे हरले होते. त्यातला चौथा डाव त्यांनी ७८व्या चालीच्या बळावर जिंकला. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली. आपण अव्वल ठरलो तरी ज्याला हरवता येत नाही असे काही समोर आहे, हे कारण त्यांनी सांगितले. निरोपाचे तीन डाव डिसेंबरमध्ये ‘हानडोल’ या कोरियन यंत्राशी ठरले. पहिला डाव दोन सोंगट्यांच्या सवलतीने झाला. ली यांची ७८वी चाल पुन्हा निर्णायक ठरली, यंत्राच्या मोक्याच्या सोंगट्या अडकल्या आणि ९२ चालींत त्याने हार मानली. दुसऱ्या डावात सवलत नव्हती, ली हरले. तिसरा डाव त्यांच्या जन्मजिल्ह्यात, सिनानमध्ये, पुन्हा दोन सोंगट्या घेऊन झाला. तोही ते हरले.

सवलतीच्या दोन डावांत एक जय आणि एक पराजय. एवढ्यावरून अंतर नेमके ठरत नाही, पण डाव सुरू होण्याआधीच निकाल ठरलेला नव्हता, हे महत्त्वाचे. सवलतीने ली यांच्या प्रत्येक चालीला पुन्हा किंमत आली. बरोबरीचा हट्ट धरला असता, तर उरला असता तो केवळ हरण्याचा उपचार.

आज आपल्या घरांतली मुले बुद्धिबळ शिकताना संगणकाशी खेळतात आणि रोज हरून हिरमुसतात. त्यांना ‘जिंकलास का?’ असे विचारण्यापेक्षा ‘आज किती सवलत घेतलीस, मागच्या महिन्यात किती घेत होतास?’ असे विचारावे. या प्रश्नाला मुलाकडे खरे उत्तर असते, आणि ते महिन्यागणिक बदलूही शकते.