शार्कच्या पाठीवरची चिठ्ठी

अटलांटिकमधले शार्क जातात तरी कुठे? १९६२ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या सँडी हूक प्रयोगशाळेतले जीवशास्त्रज्ञ जॅक केसी यांना हे शोधायचं होतं. सरकारी बोटी मोजक्याच होत्या. सुट्टीला गळ टाकायला निघणाऱ्या हौशी मंडळींच्या बोटी मात्र किनाऱ्यावर जागोजागी. गळाला लागलेला शार्क मारू नका, टॅग लावून सोडून द्या, असं केसींनी त्यांना पटवलं. सुरुवातीला शंभरही स्वयंसेवक नव्हते. आजवर अडीच लाखांहून जास्त शार्कना टॅग लागले आहेत.

शार्कला बोटीत ओढायचं नाही. पाण्यातच, लांब काठीने, पाठीवरच्या पहिल्या पराजवळ टॅगचं पोलादी टोक रोवायचं. त्याला जोडलेल्या पारदर्शक कुपीत एक चिठ्ठी असते. तिच्यावर सूचना इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, जपानी आणि नॉर्वेजियन अशा पाच भाषांत. कारण तो शार्क पुढे कोणत्या देशाच्या जाळ्यात सापडेल याचा नेम नाही. एका निळ्या शार्कने तर ३,९९७ सागरी मैलांचं, म्हणजे सुमारे ७,४०० किलोमीटरचं अंतर कापलं.

पण प्रवासापेक्षा मोलाची ठरली ती वाढीची नोंद. सोडताना आणि पुन्हा सापडल्यावर मोजलेल्या लांबीतला फरक म्हणजे तेवढ्या वर्षांतली वाढ. अशा नोंदींवरून १९९२ मध्ये केसी आणि लिसा नाटान्सन यांनी दाखवलं, की सँडबार जातीचा शार्क समजलं होतं त्याहून फारच सावकाश वाढतो. या जातीचा एक मासा टॅग लावल्यावर २७.८ वर्षांनी सापडला! इतक्या संथ वाढणाऱ्या माशाची बेसुमार मासेमारी झाली, तर ती तूट भरून यायला पिढ्या लागतात. २००८ पासून अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, संशोधनापुरता अपवाद सोडून, सँडबारच्या व्यावसायिक मासेमारीला बंदी आहे.

मात्र शंभर टॅगांपैकी परत कळतात साधारण सहाच. म्हणूनच टॅग लावणाऱ्याइतकाच तो सापडल्यावर कळवणाराही महत्त्वाचा, आणि तो अनेकदा पोटासाठी मासेमारी करणारा असतो.

हे आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथा इथे ०३२३३ क्रमांकाचा टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना दिसली. कुणीतरी तो क्रमांक नीट वाचून नोंदवला, म्हणून पूर्व किनाऱ्यावरची कासवं कोकणातही येतात हे कळलं. तेव्हा जाळ्यात किंवा किनाऱ्यावर टॅग दिसला, तर क्रमांक, जागा आणि तारीख टिपून घ्या, फोटो काढा आणि मत्स्यव्यवसाय किंवा वन विभागाला कळवा.