दुरुस्त केलेला गिअरबॉक्स : तक्रारीचें मूळ कोठें शोधावें ?

ऊंसतोडीचा हंगाम सुरू झाला म्हणजे ज्याच्या दारीं स्वतःचा ट्रक आहे त्या शेतकऱ्यास शेजारी भाग्यवान समजतात. परंतु त्याच ट्रकचा गिअरबॉक्स हंगामाच्या तोंडीं खोलून दुरुस्त करून घ्यावा, आणि तिसऱ्याच खेपेस तो पुन्हां कुरकुरूं लागावा, म्हणजे त्या भाग्याची खरी किंमत मालकास कळून येते. तोडलेला ऊंस चोवीस तासांच्या आंत गाळला जावा हें सर्वांस ठाऊक आहे. तो फडांत वाळत पडला म्हणजे वजन व साखर दोन्ही घटतात. तोडणीची टोळी हात बांधून बसते. अशा वेळीं मालकाच्या तोंडीं पहिलें वाक्य येतें तें हें कीं, "मिस्त्रीनें काम बिघडवलें." हें वाक्य खरें कीं खोटें, हें गिअरबॉक्स पुन्हां न उतरवतां कसें ओळखावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गेल्या हंगामांत हा प्रसंग आमच्यावरच आला. दिवाळीपूर्वीं आम्हीं आमच्या ट्रकचा गिअरबॉक्स तालुक्याच्या गांवीं एका मिस्त्रीकडून पूर्ण खोलून घेतला. बेअरिंगें, ऑईल सीलें, दुसऱ्या व तिसऱ्या गिअरच्या पितळी रिंगा, सर्व नवीन घातलें. निम्मी मजुरी आधीं दिली व निम्मी हंगामानंतर देण्याचें ठरलें. तिसऱ्या खेपेस वजनकाट्याच्या रांगेंत गाडी उभी असतां पहिला गिअर पडेना, आणि रिव्हर्स टाकतांना दांतावर दांत घांसल्याचा असा कर्कश आवाज झाला कीं, मागचे-पुढचे चालक खालीं उतरून पाहूं लागले. आम्ही त्याच सायंकाळीं मिस्त्रीकडे गेलों, चार माणसांदेखत त्यास नाहीं नाहीं तें बोललों, उरलेली मजुरी देणार नाहीं असें बजावलें, आणि गाडी दुसऱ्या गॅरेजमध्यें नेली. तेथें गिअरबॉक्स उतरला, उघडला, धुतला. आंत एकही दोष सांपडला नाहीं. तीन दिवस गेले, दुसरी मजुरी गेली, आणि फडांतला ऊंस शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनें भाडें भरून न्यावा लागला. दोष गिअरबॉक्सच्या बाहेर होता, आणि तो तेथें राहण्यास कारण आम्हीच होतों. तें कसें, हें पुढें ओघानें येईल.

प्रथम शक्तीचा मार्ग ध्यानांत घ्यावा. इंजिनाच्या मागें फ्लायव्हील, त्यास लागून क्लच, आणि क्लचमधून निघालेला पहिला शाफ्ट गिअरबॉक्समध्यें शिरतो. तेथून फेरे खालच्या शाफ्टवर उतरतात व निवडलेल्या गिअरच्या द्वारें वरच्या मुख्य शाफ्टवर येतात. मागें प्रोपेलर शाफ्ट, आणि शेवटीं डिफरेन्शियल. दुरुस्तींत या साखळीचा मधलाच दुवा नवा होतो. अलीकडचे व पलीकडचे दुवे जुनेच राहतात. शिवाय गिअरबॉक्स काढतांना व चढवतांना क्लचचा दांडा अथवा तेलाची नळी, रबरी बैठका, जोडाचे बोल्ट, हीं सर्व हाताळलीं जातात. तेव्हां दुरुस्तीनंतरची तक्रार गिअरबॉक्सच्या आंतच असली पाहिजे, हें अनुमान तर्कास धरून नाहीं.

पहिली परीक्षा गिअर पडण्याची. गाडी सपाट जागेवर उभी करावी, हातब्रेक लावावा व इंजिन बंद करून सर्व गिअर एकामागून एक टाकून पाहावे. एखादा गिअर पटकन पडला नाहीं तर क्लच सोडून गाडी किंचित् ढकलावी, म्हणजे दांत दांतांसमोर येतात. सर्व गिअर सहज पडले तर आंतले कांटे व दांडे बहुधा ठीक आहेत असें समजावें. मग इंजिन मंद चालवून क्लचचें पेडल पूर्ण दाबावें, मनांत दहापर्यंत अंक मोजावे व रिव्हर्स टाकावा. क्लच खरोखर सुटला असेल तर तेवढ्या वेळांत पहिला शाफ्ट थांबतो व गिअर निमूट पडतो. इंजिन बंद असतां गिअर पडतो आणि चालू असतां घांसतो, असें झाल्यास क्लच पुरता सुटत नाहीं, हा निर्णय करण्यास हरकत नाहीं. त्याचीं कारणें अनेक असतात. पेडलची मोकळी चाल बिघडलेली असते. तेलावर चालणाऱ्या क्लचच्या नळींत हवा राहिलेली असते. प्लेट उलटी बसविलेली असते. किंवा गिअरबॉक्स चढवतांना त्याचा सर्व भार क्षणभर क्लचप्लेटवर लोंबकळल्यामुळें तिचा मध्यभाग वांकलेला असतो. यांतील शेवटचा दोष मिस्त्रीच्या घाईचा आहे, परंतु तोही गिअरबॉक्सच्या बाहेरचाच.

आणखी एक कारण आहे, व तेंच आमचें निघालें. फ्लायव्हीलच्या मध्यावर एक लहानसें बेअरिंग असतें व पहिल्या शाफ्टचें टोक त्यांत टेकलेलें असतें. तें गंजून जाम झालें म्हणजे क्लच दाबला तरी फ्लायव्हील त्या शाफ्टला आपल्याबरोबर फिरवीत राहतें. मिस्त्रीनें दिवाळीपूर्वीं हेंच बेअरिंग दाखवून "हें सुद्धां बदलूं या, मालक" असें म्हटलें होतें. "फिरतें आहे ना, मग राहूं द्या," असें उत्तर आम्हीं दिलें होतें. सबंध दुरुस्तीच्या खर्चापुढें त्याची किंमत कांहींच नव्हती.

दुसरी परीक्षा कानाची. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्यें, इंजिन मंद चालू. पेडल सोडलेलें असतां घरघर येते व दाबल्यावर ती थांबते, तर संशय गिअरबॉक्समधील पहिल्या शाफ्टच्या बेअरिंगवर अथवा खालच्या शाफ्टच्या बेअरिंगांवर घ्यावा. कारण पेडल सोडलें असतां तेवढाच भाग फिरत असतो. याच्या उलट, पेडल दाबतांच आवाज सुरू होत असेल तर क्लच दाबणारें बेअरिंग पाहावें. तें गिअरबॉक्सच्या पुढें असतें, आंत नाहीं. गाडी चालती असतां ऐकूं येणारा आवाज मोकळ्या रस्त्यावर, क्षणभर न्यूट्रल करून, गाडी आपल्या वेगानें घरंगळत असतां ऐकावा. इंजिनाचा जोर काढूनही आवाज चाकांच्या वेगाबरोबर तसाच येत राहिला, तर प्रोपेलर शाफ्टचे सांधे, त्याचें मधलें बेअरिंग व डिफरेन्शियल आधीं तपासावें. ही परीक्षा उतारावर किंवा भरलेल्या गाडीवर कदापि करूं नये.

तिसरी परीक्षा, आवाज कोणत्या गिअरमध्यें येतो ही. एकाच गिअरमध्यें येत असेल तर त्याच गिअरची चक्रजोडी दोषी. ज्या गाड्यांत एखादा गिअर सरळ जोडणीचा असतो, म्हणजे पहिला व मुख्य शाफ्ट परस्परांस अडकून एकच होतात, त्यांत खालच्या शाफ्टवर भार उरत नाहीं. इतर सर्व गिअरमध्यें आवाज असून त्या एका गिअरमध्यें तो निमाला, तर दोष खालच्या शाफ्टकडे आहे. येथें एक गोष्ट मालकानें जाणून असावी. जोडीनें फिरणारीं दोन चक्रें एकमेकांच्या दांतांवर घांसून एकमेकांस सरावलेलीं असतात. काटकसरीसाठीं त्यांतील एकच नवीन घातलें तर जोडी किंचाळूं लागते, व तो दोष बसविणाराचा नसून बचत करणाराचा असतो.

चालत्या गाडीचा एखादा गिअर बदलतांनाच घांसत असेल, आणि क्लच पहिल्या परीक्षेस उतरला असेल, तर त्या गिअरची पितळी रिंग संशयास पात्र ठरते. दोन चक्रांचा वेग जुळवून मग दांत अडकविण्याची ही युक्ति १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत प्रथम आली. त्यापूर्वीं चालकास दोनदां क्लच दाबून वेग अंदाजानें जुळवावा लागे. रिंग झिजली कीं आपण पुन्हां त्याच काळांत जातों. तसेंच गिअर आपोआप सुटत असेल तर तो जोर देतांना सुटतो कीं जोर काढतांना, हें लिहून ठेवावें. उघडण्यापूर्वीं बाहेरच्या दांड्याची जुळणी, इंजिन व गिअरबॉक्सच्या रबरी बैठका आणि जोडाचे बोल्ट पाहावे. गिअर पुरता आंत जात नसेल तर आंतील चांगले दांतही त्यास धरून ठेवूं शकत नाहींत. एवढें ठीक असून गिअर सुटला, तर मात्र आंतील गोळी दाबणारी स्प्रिंग, झिजलेला कांटा किंवा निमुळते झालेले दांत हेंच कारण, व मिस्त्रीस जाब विचारण्याचा हक्क मालकास पोंचतो.

चौथी परीक्षा तेलाची. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत सांगितलेलेंच तेल घालावें. दुकानदार "हें त्याहून भारी" म्हणून डिफरेन्शियलचें तेल देतो. जी.एल.-५ जातीच्या कांहीं तेलांतील गंधकयुक्त द्रव्यें पितळास बाधक असतात, आणि फार निसरडें तेल असलें म्हणजे रिंगेस चक्राचा वेग आवरतां येत नाहीं. म्हणून जेथें जी.एल.-४ सांगितलें आहे तेथें तेंच घ्यावें. तेल भरण्याच्या छिद्राच्या कांठापर्यंत, गाडी सपाट असतां, भरावें. कमी पडल्यास बेअरिंगें जळतात. जास्त झाल्यास फेंस येतो, उष्णता वाढते व तेल सीलांतून बाहेर पडूं लागतें. वरची हवा सोडणारी लहान नळी चिखलानें बुजली तरी आंतला दाब असाच सीलांतून वाट काढतो, आणि नवीं सीलें वाईट निघालीं असा बोभाटा होतो.

दुरुस्तीनंतरचें पहिलें तेल लवकर सोडावें व तळाच्या लोहचुंबकी बुचावर काय लागलें तें कागदावर पुसून पाहावें. राखाडी, बोटाला लोण्यासारखा लागणारा लेप हा नव्या भागांच्या सरावाचा आहे. पिवळी चकाकी चुंबकास चिकटत नाहीं. ती तेलांत दिसते, व रिंगा झिजत असल्याचें सांगते. पोलादाचा कपचा सांपडला तर मात्र गाडी पुढें हांकूं नये. तो कागद घडी करून ठेवावा. मिस्त्रीपुढें ठेवण्यास याहून चांगला पुरावा नाहीं.

ही रीत आपल्याच गाड्यांपुरती नाहीं. अमेरिकेंत शेतकऱ्यांच्या डिझेल ट्रकांना पुष्कळदां स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. जनरल मोटर्सनें १९३९ सालीं ओल्डस्मोबील मोटारींसाठीं तो प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारांत आणला. त्यांत क्लचचें पेडल नसतें. तेलाचा दाबच गिअर निवडतो. तो दुरुस्त केल्यावर बिघडला तर तेथेंही आधीं बाहेरचेंच पाहतात. तेल तापलेलें व इंजिन चालू असतां त्याची पातळी पाहतात. ज्या जातींत दाब ठरविणारी तार असते तेथें तिची जुळणी पाहतात. आणि तेल थंड करणारी जाळी पाहतात, कारण जुन्या मोडक्या पेटींतला चुरा त्या जाळींत अडकून राहिलेला असतो व तोच नव्या पेटींत परत येऊन तिचा नाश करतो. जाळी न धुतां चढविलेली चोख पेटीही अशा रीतीनें बळी पडते.

या सर्वांचें सार एवढेंच कीं, तक्रार उद्भवतांच गाडी बाजूस घेऊन चारही परीक्षा क्रमानें कराव्या. त्यांस अर्धा दिवस पुरतो. गिअरबॉक्स उतरविण्यास कमीतकमी एक दिवस जातो, व उतरविल्यावर पूर्वींचीं चिन्हें नाहींशीं होतात. दुरुस्तीच्या वेळींच एक वही करावी. कोणता भाग बदलला, कोणता जुना ठेवला व कोणाच्या सांगण्यावरून ठेवला, कोणतें तेल किती घातलें, हें मिस्त्रीसमक्ष लिहावें व काढलेले भाग पिशवींत घालून घरीं आणावे. तशी वही आमच्यापाशीं असती, तर जुन्या ठेवलेल्या भागांत त्या लहान बेअरिंगचें नांव व त्यापुढें आमचेंच नांव आम्हांस वाचावें लागलें असतें, आणि आमचा आवाज त्या सायंकाळीं चढला नसता.

बेअरिंग बदलून गाडी रस्त्यास लागल्यावर आम्ही पहिल्या मिस्त्रीकडे उरलेली मजुरी घेऊन गेलों. त्यास जीं माणसें बसलेलीं असतां बोल लावला होता, त्यांपैकीं दोघे तेथें होते. त्यांच्यासमोरच चूक कबूल केली. त्यानें पैसे मोजून घेतले व चहा मागविला. यंदा दिवाळीपूर्वीं क्लचचें काम पुन्हां त्याच्याकडेच दिलें. वही आम्हीं बरोबर नेली होती. पहिल्या ओळींत काय लिहावयाचें तें त्यानें सांगितलें नाहीं, व आम्हांस विचारावें लागलें नाहीं.